दुखणं अंगावर काढू नकोस

वाचक डॉक्टरचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

‘मॅडम, मी दक्षिण रत्नागिरीत खाडीकाठच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. वय २८. घर कराडकडे. इथे डॉक्टरांची दोन पदं आहेत, त्यातलं दुसरं दीड वर्षापासून रिकामं. दिवसाची ओपीडी, रात्रीची बाळंतपणं, विंचू, साप, ताप, मीटिंगा, पोर्टलवरची माहिती, सगळं माझ्याकडे.

जुलैमध्ये पहाटे पाचला एका तरुणाला घेऊन आले. रात्री तीनपासून पोटात दुखत होतं, उलट्या होत होत्या. घरच्यांनी ओवा दिला, पित्त समजून वाट बघितली. माझ्यासमोर आला तेव्हा पापण्या मिटत होत्या, जीभ जड झाली होती. टॉर्च घेऊन पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, डंखाची खूण नाही. तरी मण्यार चावली असं धरून पंधरा मिनिटांत सापाच्या विषावरची लस सुरू केली आणि १०८ ला फोन केला. गाडी यायला पन्नास मिनिटं लागली. मी स्वतः गाडीत बसले, सक्शन करत, हाताने श्वास द्यायची अँबू बॅग दाबत राहिले. तो वाटेतच गेला. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या बायकोचं बाळंतपण मीच केलं होतं. खाटेवर बाळंतीण आणि बाळ, म्हणून तो खाली जमिनीवर झोपला होता. परत आलो तेव्हा त्याच्या भावाने माझं टेबल उलथवलं. नऊ वाजता ओपीडी सुरू केली. ८४ पेशंट होते.

त्यानंतर मी बदलले. फोन वाजला की पोटात गोळा येतो. परवा पाच किलोमीटर चालत आलेल्या आजीवर ओरडले. गणपतीत चाकरमानी आले, तापाची रांग लागली, आणि मला कुणाचा चेहरा आठवत नाही. घरी सांगितलं तर बाबा म्हणतात, डॉक्टर झालीस ना, मग एवढं सोसायला हवं. वरिष्ठ म्हणतात, आमच्या वेळी तर लाईटही नव्हती. मनोबल वाढवण्याचं एक ऑनलाईन प्रशिक्षण झालं, तेही मी ओपीडी चालू ठेवून कानात घालून ऐकलं. बदली मागू, रजा घेऊ, की नोकरी सोडू? कधीकधी वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं तर गावभर होईल, रेकॉर्डवर येईल. त्या तरुणाची बायको बाळाला लसीला घेऊन येते तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसते. मी डॉक्टर व्हायच्या लायकीची नाही का? मला तू म्हणा, बरं वाटेल.’

प्रिय डॉक्टर,

तू बदली, रजा, नोकरी असं सगळं ओळीने लिहिलंस आणि जाता जाता मधेच एक वाक्य टाकलंस, सकाळी जागच आली नाही तर बरं. मी तिथे थांबले. पेशंट गुडघे दाखवायला येतो आणि दारातून बाहेर पडता पडता म्हणतो, ‘बाकी छातीत जरा भरून येतं कधीकधी’, तेव्हा आपण त्याला परत खुर्चीत बसवतो. तसं मी तुला बसवतेय.

सरळ विचारते. जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, कधी, इथपर्यंत विचार गेलाय का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे तू शिकली आहेस. उत्तर ‘हो’ असेल तर हे पत्र इथेच बाजूला ठेव आणि आत्ता, याच क्षणी, कुणाला तरी सांग. आईला सांग, मैत्रिणीला सांग, केंद्रातल्या सिस्टरांना सांग. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं, आणि तो जितका तुझ्या पेशंटसाठी आहे तितकाच तुझ्यासाठी. औषधाच्या कपाटाची किल्ली सध्या सिस्टरांकडे राहू दे. आपल्या पेशात औषधं हाताशी असतात, म्हणून ही काळजी आपण इतरांपेक्षा जास्त घ्यायची. उत्तर ‘नाही हो, नुसती दमलेय’ असं असेल, तरी ते वाक्य मी सोडून देणार नाही. पुढे परत येते त्याच्याकडे.

आधी ती पहाट.

तू मला विचारलेलं नाहीस, पण पत्रभर तोच एक प्रश्न आहे: माझं काय चुकलं? म्हणून डॉक्टर म्हणूनच उत्तर देते. मण्यार रात्री चावते, बहुतेक वेळा जमिनीवर झोपलेल्या माणसाला. फारसं दुखत नाही, सूज येत नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोट दुखतं आणि घरचे पित्त समजतात. पापण्या मिटायला लागतात तोवर विष मज्जातंतूंच्या टोकांना भिडलेलं असतं, आणि तिथे एकदा इजा झाली की लस ती उलटवू शकत नाही. रक्तात फिरणारं विष ती थोपवते, एवढंच. पुढे माणूस वाचतो तो व्हेंटिलेटरवर, श्वास यंत्राने चालू ठेवून, दिवस काढून. तुझ्याकडे व्हेंटिलेटर नव्हता. तुझ्याकडे टॉर्च होता, लस होती आणि दोन हात होते. खूण नसताना, पोटदुखी आणि पापण्या एवढ्यावरून तू मण्यार ओळखलीस. मी तीस वर्षं या किनाऱ्यावर काढली आहेत आणि खूण दिसली नाही म्हणून अशा पेशंटला अँटासिड देऊन घरी पाठवलेलं मी पाहिलं आहे.

तरीही ‘तुझं काही चुकलं नाही’ एवढं म्हणून मी विषय मिटवणार नाही. कारण ते तुझ्या गळी उतरणार नाही. रात्री दोन वाजता तू ती पहाट पुन्हा पुन्हा उलगडत असशील, आणि प्रत्येक वेळी त्यात एक नवीन चूक सापडत असेल. मनात उलगडू नकोस. कागदावर लिही. डाव्या बाजूला घड्याळातली वेळ, मधे काय दिसलं, उजवीकडे काय केलं. ५ वाजून १० मिनिटांनी तुला काय माहीत होतं, तेवढंच त्या ओळीत. साडेसातला जे कळलं ते ५ वाजून १० च्या ओळीत घालायचं नाही. मग तो कागद जिल्हा रुग्णालयातल्या एखाद्या अनुभवी फिजिशियनपुढे ठेव आणि विचार, इथे तुम्ही काय वेगळं केलं असतं? दोन गोष्टी होतील. एखाद-दोन ठिकाणी खरंच काही शिकायला मिळेल. आणि उरलेल्या वीस चुका, ज्या तू रात्री तयार केल्यास, त्या कागदावर उभ्याच राहणार नाहीत.

पेशंट गेला की घरच्यांना जखम होते, आणि उपचार करणाऱ्यालाही होते. अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरने २००० साली अशा डॉक्टरला ‘दुसरा बळी’ म्हटलं होतं. त्याने ते चुकीच्या उपचारांबद्दल लिहिलं होतं, पण चूक नसतानाही ती जखम होते, हे मी माझ्यावरून सांगते. तुझ्या जखमेवर त्या दिवशी काय झालं? टेबल उलथलं आणि नऊ वाजता ८४ पेशंट आत आले. त्या दोन्हींच्या मधे तुला कुणी चहा तरी विचारला का, हे तू लिहिलेलं नाहीस. बहुधा नाही विचारला.

पेशंटला आपण रोज एक वाक्य सांगतो: दुखणं अंगावर काढू नका. शेतातून, बागेतून, होडीवरून आलेल्या माणसाला सांगतो, अहो, चार दिवस ताप अंगावर काढलात, पहिल्या दिवशी आला असतात तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, गोळी तेव्हाच सुरू केली असती. आणि आपण स्वतः? तू जुलैपासून अंगावर काढते आहेस.

‘आमच्या वेळी लाईटही नव्हती’ म्हणणाऱ्यांच्या पिढीतली मी आहे, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. नव्हती लाईट. कंदिलावर टाके घातलेत. पण आमच्या वेळी आम्ही फार खंबीर होतो, हे खरं नाही. आमच्यातला एक जण संध्याकाळी सातनंतर शुद्धीत नसायचा आणि ते तालुक्याला माहीत होतं. एकाने प्रॅक्टिस सोडून औषधांचं दुकान काढलं आणि कारण कुणाला सांगितलं नाही. मी स्वतः दीड वर्ष बाळंतपणाची केस आली की हात धुण्याच्या निमित्ताने मोरीत जाऊन उभी राहायचे, श्वास जागेवर येईपर्यंत. फक्त आमच्याकडे त्याला नाव नव्हतं, आणि नाव नव्हतं म्हणून ते नव्हतंच असं आज आम्ही तुम्हाला सांगतो. हे मला पटत नाही.

नाव आता आहे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये बर्नआऊटवर, म्हणजे कामाने पार थकून विझण्यावर, लिहिलं, तेही मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांकडे बघून. नंतर ख्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याची तीन अंगं सांगितली: आतून रिकामं होणं, समोरचा माणूस माणूस न वाटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तुझं पत्र त्यांना दाखवलं असतं तर तिन्हींवर बोट ठेवता आलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडीच्या, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या, अकराव्या आवृत्तीत बर्नआऊट घेतलं, तेव्हा ते आजार म्हणून घेतलं नाही, नोकरीशी निगडित स्थिती म्हणून घेतलं, कामाच्या जागच्या सततच्या ताणातून येणारी. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन माणसांचं काम एका माणसाने दीड वर्ष केलं आणि ती थकली, तर दोष कामाच्या मांडणीत आधी शोधायचा. ओपीडी चालू ठेवून कानात घातलेल्या प्रशिक्षणाने मनोबल वाढत नाही. ते दोन तास तुला झोपू दिलं असतं तर वाढलं असतं.

त्या आजीचं म्हणशील तर, मॅस्लॅक यांनी सांगितलेलं दुसरं अंग ते हेच. रांग दिसते, माणूस दिसत नाही. पण आजीवर ओरडलीस हे तुला आजही बोचतंय, पाच किलोमीटर चालत आली होती हे तुझ्या लक्षात आहे. याचा अर्थ आतला झरा आटलेला नाही. आशाताईंबरोबर निरोप पाठव, आजी, पुढच्या वेळी आलात की पहिला नंबर तुमचा, आणि आली की हात धरून सांग, त्या दिवशी माझं चुकलं. आपल्याकडच्या आज्या अशा गोष्टी मनात ठेवत नाहीत. चार कोकमं बांधून आणतील.

आता झोप. यावर मी थोडी हट्टाने बोलणार आहे, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी माणसं जागी ठेवून मोजलं. सलग १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखा चुकतो. २४ तास जागलेला, त्याच्या दुप्पट दारू घेतलेल्यासारखा. दारू पिऊन कुणी ओपीडीत बसलं तर गाव चपला घेऊन येईल. रात्रभर जागून बसलं तर त्याच डॉक्टरला आपण कर्तव्यदक्ष म्हणतो. तू जी चिडतेस, जे चेहरे तुला आठवत नाहीत, त्यातलं निम्मं तरी मला झोपेचं कर्ज वाटतं.

हे कर्ज फेडायचं कसं, एकटी असताना? शेजारच्या केंद्रातही तुझ्यासारखंच कुणीतरी असेल. त्याच्याशी बोल. आठवड्यातल्या दोन रात्री त्याने तुझ्याही भागाचे फोन घ्यायचे, दोन रात्री तू त्याच्या. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून हे लेखी करून घे, तोंडी नको. त्या रात्री फोन सिस्टरांकडे. आणि सिस्टरांच्या टेबलावर, काचेखाली, एक कागद: डॉक्टरला कशासाठी उठवायचं. साप, विंचू, छातीत दुखणं, बाळंतपणात रक्त, झटके, श्वास, बाळ दूध ओढत नसेल तर. बाकी सकाळी. तुझ्या सिस्टर या किनाऱ्यावर तुझ्याहून जास्त पावसाळे काढून बसल्या असतील, त्यांना हा फरक कळतो. त्यांना फक्त तुझी परवानगी हवी असते.

रिकामं पद भरेपर्यंत प्रतिनियुक्तीवर डॉक्टर मिळावा म्हणून अर्ज दे. दिला असशील तर पुन्हा दे. त्यात भावना लिहू नकोस, आकडे लिही: गेल्या महिन्यात ओपीडी किती, बाळंतपणं किती, रात्रीचे फोन किती, सलग सुट्टीशिवाय दिवस किती. आवक क्रमांक घे. उत्तर आलं नाही तर पुढच्या महिन्यात पहिल्या अर्जाचा संदर्भ देऊन दुसरा. अर्जाने डॉक्टर लगेच येईल असं मी म्हणत नाही. पण ‘मॅडम सांभाळतायत ना’ हे जे चाललंय, ते कागदावर तरी मोडेल. तू निमूट सांभाळतेस तोवर वरच्या कुणालाही ते पद रिकामं दिसत नाही.

टेबल उलथवल्याबद्दल. भाऊ गेलेल्या माणसाचा तो आक्रोश होता, हे तुलाही कळतं, म्हणूनच तू तक्रार केली नाहीस. तो तुझा निर्णय, मी त्याला चूक म्हणणार नाही. पण महाराष्ट्रात यासाठी २०१० पासून कायदा आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे माहीत असू दे. घडल्याची लेखी नोंद निदान वरिष्ठांकडे करून ठेव. पुन्हा असं झालं तर तू एकटी पडू नयेस म्हणून.

मघाशी म्हटलं होतं, त्या वाक्याकडे परत येते. थकवा आणि नैराश्य शेजारी-शेजारी राहतात, आणि आतून कुठलं कुठलं हे कळत नाही. मी एक गोष्ट विचारते: चार दिवस कराडला गेलीस, आईच्या हातचं जेवलीस, पोटभर झोपलीस, तर बरं वाटतं का? वाटत असेल तर बराचसा थकवा आहे. तिथेही काही गोड लागत नसेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन डोळा लागत नसेल, रोज, दोन आठवड्यांहून जास्त, आणि मरणाचं मनात येत असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार आहेत. नैराश्य तपासायचे पीएचक्यू-९ चे नऊ प्रश्न तू पेशंटला विचारतेस, आज स्वतःला विचार, खरी उत्तरं लिही. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर स्वतः निदान करत बसू नकोस, दाखव. शेवटच्या प्रश्नावर शून्याखेरीज काहीही आलं, तर बेरीज कितीही असो, दाखव. स्वतःच स्वतःला गोळ्या लिहून घेणं तर मुळीच नको. हे मी केलं होतं, आणि त्यात माझं एक वर्ष गेलं.

गावभर होईल ही भीती खोटी नाही. इथे डॉक्टरची गाडी कुठल्या वळणावर थांबली हे संध्याकाळपर्यंत वाडीला कळतं. म्हणून रत्नागिरी नको वाटत असेल तर घाट चढून कोल्हापूरला जा, नाहीतर व्हिडिओवर बोल. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते रीतसर केलंय. रेकॉर्डचं म्हणशील तर, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे आणि गोपनीयता हा त्यात तुझा हक्क आहे. ओपीडीत नैराश्याचे उपचार घेतले म्हणून कुणी वैद्यकीय परिषदेला तुझं नाव कळवत नाही. उपचार घेऊन कामावर परतलेल्या डॉक्टरांबरोबर मी काम केलंय. तुझ्या ओळखीतही असतील, त्यांनी सांगितलं नाही इतकंच.

आणखी एक गोष्ट, जी मला वाचवून गेली. आमची महिन्याची सभा जिल्ह्याला असायची. ती संपली की आम्ही चौघं बसस्टँडमागच्या एका खानावळीत जेवायचो. तिथे प्रत्येकाने एक केस सांगायची, अशी सवय लागली. जमलेली नाही, न जमलेली. पहिल्यांदा मी त्या मोरीबद्दल तिथेच बोलले. सुरमईचा काटा काढता काढता एक जण म्हणाला, ‘माझं विंचवाच्या केसला होतं असं.’ एवढंच. सल्ला नाही. ‘मी असतो तर’ हे शब्द त्या टेबलावर कुणी उच्चारायचे नाहीत, हे आमच्यात आपोआप ठरलं. खूप वर्षांनी मला कळलं की लंडनमध्ये मायकेल बालिंट या मनोविश्लेषकांनी १९५० च्या दशकात जनरल प्रॅक्टिशनर मंडळींना असंच एकत्र बसवलं होतं आणि जगभर त्याचे गट चालतात. आम्हाला बालिंट माहीत नव्हते, आम्हाला भूक लागलेली असायची. तू तालुक्यातल्या तीन डॉक्टरांना फोन कर. प्रत्यक्ष जमलं तर उत्तम, नाहीतर महिन्यातून एक तास फोनवर. पत्रात तू कामाचा डोंगर सांगितलास, पण मला त्या डोंगराहून जास्त भीती वाटली ती एका गोष्टीची: ज्याच्याशी तू त्या पहाटेबद्दल पूर्ण बोललीस असा एकही माणूस पत्रात नाही. मी पहिली आहे, आणि मी कागदावर आहे.

कोकणात डॉक्टरांना धीर द्यायचा म्हटलं की डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचं नाव काढतात. तुलाही कुणीतरी काढून दाखवलं असेल: ते बघ, बिरवाडी-महाडला राहिले, कुठे तक्रार केली? मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, म्हणूनच त्यांचं नाव असं चाबकासारखं वापरलेलं मला आवडत नाही. सत्तरच्या दशकात ते रायगडात आले तेव्हा लाल विंचू चावलेली पोरं डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत जायची. त्यांनी त्या खाटांशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातपाय गार पडणं हे तासातासाने टिपलं. १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलं. पुढे प्राझोसिन या औषधाने ती पोरं वाचायला लागली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यात नुसतं सोसणं कुठे आहे? हतबल करणाऱ्या गोष्टीला त्यांनी प्रश्न विचारला आणि लिहून काढलं. आणि त्यांच्या शोधनिबंधांवर त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचंही नाव असतं, हे सांगणारे सांगत नाहीत.

तुला लॅन्सेटमध्ये लिही असं मी म्हणत नाहीये. पण मण्यारीबद्दल एक साधी गोष्ट आहे. जमिनीवर झोपताना मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचल्या, तर मण्यार आत येत नाही. पुढच्या मे महिन्यात, पावसाआधी, आशाताईंना घेऊन तुझ्या वाड्यांमध्ये एवढंच सांगायचं. बाळंतिणीच्या घरी तर खास. बाळंतिणीला खाट मिळते आणि घरातला बाप्या खाली झोपतो, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही आता. आणि ज्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटर आहे तिथले फोन नंबर भिंतीवर, मोठ्या अक्षरात. हे आत्ता करू नकोस. आत्ता झोप. मे लांब आहे.

नोकरी सोडू का? आज ठरवू नकोस. आधी दहा दिवस रजा, खरी रजा, फोन बंद ठेवून. मग चार आठवडे दोन-दोन रात्रींची झोप. त्यानंतरही सकाळी उठून केंद्रात जायचं जिवावर येत असेल तर बदली माग, नाहीतर सोड, आणि खाली मान घालून सोडू नकोस. लायकीचा प्रश्न मी घेतच नाही. पंधरा मिनिटांत लस सुरू करणाऱ्या हातांबद्दल तो प्रश्न उठत नाही. बाबांना हे पत्र वाचायला दे, वाटलं तर.

आता राहिली त्या तरुणाची बायको, जी आली की तू आतल्या खोलीत जाऊन बसतेस.

१९८९ साली, अशाच एका केंद्रात, बाळंतपणानंतर एका बाईचं रक्त थांबलं नाही. पलीकडे न्यायचं होतं. तेव्हा खाडीवर पूल नव्हता आणि होडी पलीकडच्या काठाला होती. आम्ही हाका मारत राहिलो. होडी येईपर्यंत ती गेली. मग मीही आतल्या खोलीत बसायला लागले. तिचा नवरा दोन महिन्यांनी मृत्यूच्या दाखल्यासाठी आला. सिस्टरांनी मला सांगितलं, मी म्हटलं, तुम्हीच द्या. तो हलेना. शेवटी मी बाहेर आले. मला वाटलं आता हा विचारणार, होडी आधी का नाही बोलावलीत. त्याने टोपी हातात घेतली आणि विचारलं, ‘तिका थंडी वाजत होती, बाई. तिच्या अंगार कायतरी घातलास मां?’

घातलं होतं. माझी चादर घातली होती, आणि नंतर ती परत मागावी का म्हणून मी लाजले होते. मी त्याला ते सांगितलं. तो ‘बरां झाला’ म्हणाला आणि दाखला घेऊन गेला. दोन महिने मी ज्या प्रश्नाच्या भीतीने लपत होते तो त्याच्या मनात नव्हताच. आणि त्याचा जो प्रश्न होता, त्याचं उत्तर जगात फक्त माझ्याकडे होतं.

तू जिला टाळतेस तिच्या बाळाचा चौदा आठवड्यांचा लसीचा डोस तुझ्या हिशेबाने ऑक्टोबरच्या मध्याला येईल. त्या दिवशी बाहेर ये. सिस्टरांना बरोबर घे. बाळाचं वजन स्वतः कर. तिला सांग, तुमचा नवरा गेला त्या पहाटे मी गाडीत त्याच्याशेजारी होते, शेवटपर्यंत. मला फार वाईट वाटलं. मग गप्प राहा. तिला काही विचारायचं असेल तर विचारू दे, नसेल तर बाळाला टोचून झाल्यावर तिला एक खुर्ची दे आणि अर्धा तास थांबायचंय म्हणून सांग, तसंही थांबायचं असतंच. तुझी रजा त्या तारखेच्या आधी संपेल अशी घे.